उपग्रहावरचे जड फीड बघायचे, तर कॉम्प्युटर कसा निवडावा

गच्चीवर आठ फुटी छत्री, चांगला एलएनबी (छत्रीपुढे बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), सिग्नल खणखणीत. मोफत चॅनेल सगळे सुरळीत दिसतात. मग ब्लाइंड स्कॅनमध्ये, म्हणजे उपग्रहावर जे काही चालू असेल ते आपोआप धुंडाळताना, एखाद्या सामन्याचा कच्चा फीड सापडतो आणि गंमत सुरू होते. आवाज नीट येतो, पडदा काळा. नाहीतर चित्र येतं, पण चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटतो आणि थेट यष्टिरक्षकाच्या हातात दिसतो. मधल्या फ्रेम गायब. छंदात नवीन आलेला माणूस आधी छत्रीला दोष देतो, मग बाजारात जाऊन महागडं गेमिंग कार्ड घेऊन येतो. चित्र जिथल्या तिथे.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करा. आधी फीड कसला आहे ते वाचायला शिका, मग त्याला लागेल तेवढंच यंत्र घ्या. बहुतेकांना लागतं त्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होतं. ज्यांना खरोखर जास्त लागतं त्यांचे पैसेही बऱ्याचदा चुकीच्या भागावर जातात.

फीड आणि चॅनेल यात फरक काय

डीटीएचवर घरी येणारं चित्र हे साखळीतलं शेवटचं टोक असतं, दाबून दाबून लहान केलेलं. फीड म्हणजे मैदानावरून किंवा ओबी व्हॅनमधून (बाहेरच्या प्रक्षेपणाची गाडी) वाहिनीच्या मुख्य केंद्राकडे निघालेला माल. पुढे त्यावर ग्राफिक्स चढायचे असतात, समालोचन जोडायचं असतं आणि पुन्हा एकदा दाबून तो प्रेक्षकांकडे पाठवायचा असतो. त्यामुळे तो जास्त रंग, जास्त बारकावा आणि जास्त बिटरेट घेऊन चालतो. तो घरातल्या सेट-टॉप बॉक्ससाठी बनवलेलाच नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. बरेचसे फीड बिस या सांकेतिक किल्लीच्या पद्धतीने कुलूपबंद असतात. ते उघडण्याच्या उद्योगाशी या लेखाचा संबंध नाही. ती कायद्याच्या कचाट्यात नेणारी कामं आहेत. इथे विषय फक्त उघड्या फीडचा, तोही स्वतः बघण्यापुरता. रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवला की प्रक्षेपण हक्कांचं झेंगट मागे लागतं.

पहिली पायरी: फीडची कुंडली काढा

एखादा जड फीड एक-दोन मिनिटं रेकॉर्ड करा. ट्यूनर, म्हणजे छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र, अजून घेतला नसेल तर या छंदातल्या ओळखीच्या माणसाकडून नमुना मागा. असे तुकडे लोक आनंदाने देतात. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे उपग्रहावरून येणारा मूळ डेटा, जसाच्या तसा हवा, रूपांतर करून एमपी४ केलेला नको. रूपांतरात नेमकी हवी ती माहिती बदलून जाते.

मग ती फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. खूप ओळी दिसतील. त्यातल्या पाचच वाचायच्या: कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) कुठला, म्हणजे एमपेग-२, एच.२६४ की एचईव्हीसी. क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवलीय) ४:२:० की ४:२:२. बिट डेप्थ (प्रत्येक नमुन्याला किती बिट) ८ की १०. स्कॅन टाइप इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र) की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्र). आणि शेवटी आकार व फ्रेमरेट. बिटरेटकडे सगळ्यांची नजर आधी जाते, पण खरेदी ठरवताना तो खूप नंतर येतो.

एक नेहमीचा नमुना घेऊ. बातम्यांच्या किंवा सामन्याच्या व्हॅनला उपग्रहावर बऱ्याचदा ९ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो आणि त्यात ७२०० च्या आसपासचा सिम्बॉल रेट (सेकंदाला किती हजार संकेत) बसवतात. ८पीएसके ही संकेतांची पद्धत आणि ३/४ एफईसी (चारातला एक बिट चूक-दुरुस्तीसाठी) धरला तर त्यातून सेकंदाला साधारण १६ मेगाबिट बाहेर पडतात. मीडियाइन्फो त्याबद्दल सांगेल: एच.२६४, प्रोफाइल हाय ४:२:२, १० बिट, १९२० बाय १०८०, इंटरलेस्ड, २५ फ्रेम. फक्त १६ मेगाबिट! ब्लू-रे डिस्कवर याहून जास्त असतात. तरीही हाच फीड हजारो रुपयांच्या अँड्रॉइड बॉक्सवर काळा पडदा दाखवतो, कारण अडचण बिटरेटची नाही, त्या ‘हाय ४:२:२’ शब्दांची आहे.

४:२:२ एवढं का छळतं

आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूला ठेवतात आणि रंगाची कमी ठेवतात. ४:२:० मध्ये रंग आडवा अर्धा आणि उभाही अर्धा होतो, म्हणजे चार बिंदूंना मिळून रंगाची एकच नोंद. ४:२:२ मध्ये तो फक्त आडवा अर्धा होतो. डीटीएच, ओटीटी, यूट्यूब, ब्लू-रे, मोबाइलचा कॅमेरा, घरगुती जग सगळं ४:२:० वर चालतं. स्टुडिओचं जग ४:२:२ वर चालतं.

ग्राफिक्सच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी एक वेगळा छोटा भाग असतो. इंटेल त्याला क्विक सिंक म्हणते, एनव्हिडियाकडे तो एनव्हीडेक. या भागाला जे प्रकार कारखान्यातच शिकवलेत तेवढेच येतात. ड्रायव्हर बदलून नवीन प्रकार सहसा शिकवता येत नाही. आणि तो घरगुती जगासाठी बनवलेला असल्यामुळे वर्षानुवर्षं त्याला ४:२:० पुरतंच शिकवलं गेलं. गेमिंगची ताकद इथे उपयोगाची नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे लाखापलीकडचं कार्ड ४:२:२ च्या बाबतीत जुन्या जीटीएक्स १०५० इतकंच कोरं आहे. दोन्हीतला तो भाग अशा फीडला हात लावत नाही.

मग काम जातं मुख्य प्रोसेसरकडे. व्हीएलसी, एमपीव्ही यांसारखे प्लेअर काही न बोलता सॉफ्टवेअरने उलगडायला लागतात आणि बघणाऱ्याला फक्त पंख्याचा आवाज वाढलेला कळतो.

आकडे मांडले तर बोजा लक्षात येतो. साध्या ८ बिट ४:२:० एचडी चित्राची एक उलगडलेली फ्रेम मेमरीत सुमारे ३.१ एमबीची असते. १० बिटचा प्रत्येक नमुना मेमरीत १६ बिटांची जागा घेतो, त्यामुळे ४:२:२ १० बिटची तीच फ्रेम ८.३ एमबी होते. आता ४के घ्या: एक फ्रेम ३३ एमबी, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे १.६ जीबीहून जास्त, दर सेकंदाला. शिवाय पुढची फ्रेम बनवायला मागच्या फ्रेम पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात, त्यामुळे मेमरीवरची खरी ये-जा याच्या काही पट असते. पुढे रॅमच्या दोन पट्ट्या लावा म्हणून सांगणार आहे, ते याचसाठी.

दुसरी पायरी: कोणाला काय येतं

एमपेग-२ ४:२:२: जुनी पद्धत. हार्डवेअर मदत कुठेच नाही, पण गरजही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही आरामात ओढतो.

एच.२६४ ४:२:२ १० बिट: फीडच्या जगातलं सगळ्यात नेहमीचं गिऱ्हाईक. ग्राफिक्समधून मदत बहुतांश यंत्रांत शून्य. जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत ही सोय आली, एच.२६४ आणि एचईव्हीसी दोन्हीसाठी. पण फक्त यासाठी ते कार्ड घेणं म्हणजे पैसे उधळणं. १०८०आय चित्र चांगला चार कोरचा प्रोसेसर सॉफ्टवेअरने सहज उलगडतो. एव्हीएक्स-२ सूचना (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या) असलेला असावा, म्हणजे इंटेलचा २०१३ मधल्या चौथ्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आय-५. बहुतेक प्लेअर वापरतात त्या एफएफएमपेगच्या उलगडणाऱ्या कोडमध्ये या सूचनांसाठी खास लिहिलेले भाग आहेत आणि फरक जाणवतो. याच काळातले स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन मात्र टाळा. त्यांच्यातून या सूचना काढून टाकलेल्या असत.

एचईव्हीसी ४:२:२ १० बिट: इथे इंटेलची गंमत आहे. डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून पुढे इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला हा प्रकार येतो. बारावी, तेरावी, चौदावी पिढी, सगळ्यांना. आर्क मालिकेच्या स्वतंत्र कार्डांनाही येतो, अगदी लहानशा ए३८० ला सुद्धा. डेस्कटॉपच्या दहाव्या पिढीला येत नाही. म्हणजे बाराव्या पिढीचा साधा आय-३ जे काम हार्डवेअरने हसत करतो, ते दहाव्या पिढीच्या आय-७ ला घाम गाळून करावं लागतं.

इथे एक खड्डा आहे. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. आय-३ १२१०० आणि १२१००एफ यांच्या किमतीत फरक असतो आणि दुकानदार प्रेमाने सांगतो, ‘साहेब, तुम्ही कार्ड लावणारच आहात ना, मग एफ घ्या, स्वस्त पडेल.’ गेम खेळणाऱ्यासाठी सल्ला बरोबर आहे. आपल्यासाठी तो अगदी उलटा आहे, कारण आपल्याला जे हवंय तेच त्याने काढून टाकलंय.

एएमडीचे रायझन प्रोसेसर सॉफ्टवेअरने उलगडण्यात उत्तम आहेत. कोर भरपूर, किंमत रास्त. मात्र त्यांच्या ग्राफिक्सकडून ४:२:२ ची अपेक्षा ठेवू नका. रास्पबेरी पाय आणि तत्सम बोर्ड या कामातून बाद धरा. पाय ५ मध्ये तर साध्या एच.२६४ चीही हार्डवेअर सोय काढून टाकली आहे.

हार्डवेअरला येतं म्हणजे प्लेअरला येतंच असं नाही, हेही ध्यानात ठेवा. लिनक्सवर व्हीएएपीआय या हार्डवेअरपर्यंत नेणाऱ्या वाटेने एमपीव्ही इंटेलच्या ४:२:२ चा उपयोग बऱ्यापैकी सरळ करून घेतो. विंडोजवर प्लेअर आणि त्याची आवृत्ती बदलली की निकाल बदलतो. त्यामुळे चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ते कसं बघायचं, ते पुढे येतंच.

तिसरी पायरी: तुमच्या गरजेचं यंत्र

बहुतेक नवख्यांचा मुक्काम एचडी फीडवर असतो. त्यांच्यासाठी कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप हा सर्वांत शहाणा सौदा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे चौकशी केली तर आठव्या-नवव्या पिढीच्या आय-५ च्या पेट्या मिळतात. आठवी पिढी म्हणण्याचं कारण आहे: त्या पिढीपासून आय-५ सहा कोरचा झाला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे तिथूनच चालतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्याआधीची पेटी घेतलीत तर लिनक्स टाकायची तयारी ठेवा.

या पेट्या दोन-तीन आकारांत येतात. डब्याएवढी अगदी छोटी पेटी टेबलावर छान दिसते, पण तिच्यात पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट नसतो, म्हणजे ट्यूनर यूएसबीचाच घ्यावा लागतो. थोडी मोठी स्लिम पेटी घेतली तर स्लॉट मिळतो, पण अर्ध्या उंचीचा. ट्यूनर कार्डासोबत अर्ध्या उंचीची धातूची पट्टी येते का ते विचारा. मला विचाराल तर जागा असेल त्याने पूर्ण उंचीचा टॉवर घ्यावा. वारा खेळतो, पंखे आवाज करत नाहीत, आणि पुढे दुसरं कार्ड लावायचं झालं तर रडावं लागत नाही.

४के फीड बघायचे असतील तर वाट वेगळी. २१६०पी, सेकंदाला ५० फ्रेम, एचईव्हीसी ४:२:२ १० बिट, हा सध्या घरी भेटू शकणारा जवळपास सर्वांत कठीण प्रकार. बाराव्या पिढीचा किंवा नंतरचा, एफ नसलेला इंटेल हा स्वस्त रस्ता. हाताशी जुना पण दमदार टॉवर असेल तर त्यात आर्क ए३८० टाकणं हा दुसरा रस्ता. मात्र आर्क कार्डांना बायोसमध्ये रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम दिसण्याची) सोय असलेला मदरबोर्ड मानवतो, तेवढं आधी तपासा. हार्डवेअरवर विसंबायचंच नसेल तर नव्या पिढीचा आठ कोरचा रायझन. सहा कोरचाही चालून जातो, पण मागे रेकॉर्डिंग आणि स्कॅन चालू असेल तर मोकळीक उरत नाही.

लॅपटॉप? पातळ लॅपटॉपची एक खोड आहे. पहिली दहा मिनिटं तो झकास चालतो, मग तापतो, वेग उतरवतो आणि फ्रेम गळू लागतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात तर पहिल्या दहा मिनिटांचीही खात्री नाही. हार्डवेअरने उलगडणारा लॅपटॉप असेल तरच या भानगडीत पडा.

इंटरलेस आणि ५० हर्ट्झ

हा भाग लोक विसरतात आणि मग ‘फीड नीट उलगडतोय तरी चित्र ओढल्यासारखं का दिसतं’ म्हणून डोकं धरतात. १०८०आय म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम नव्हेत. ५० अर्ध्या फ्रेम, एकदा सम ओळी, एकदा विषम. प्लेअरने त्यातून ५० पूर्ण फ्रेम बनवायला हव्यात. व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करून यादिफ २एक्स ही पद्धत निवडा. एमपीव्हीत डी हे बटण दाबलं की चालू-बंद होतं. नुसतं यादिफ निवडलं, २एक्सशिवाय, तर २५ फ्रेमच मिळतात आणि धावणारा खेळाडू अडखळत धावतो.

फीड सॉफ्टवेअरने उलगडत असेल तेव्हा हे कामही बऱ्याचदा प्रोसेसरवरच पडतं, म्हणून वर चार कोर सांगताना मी ‘चांगला’ हा शब्द घातला.

दुसरं, मॉनिटर. विंडोज मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवतं. ५० फ्रेम ६० च्या साच्यात बसवायच्या तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि खालून सरकणारी बातम्यांची पट्टी ठरावीक अंतराने गचका देते. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ५० हर्ट्झ निवडा. कॉम्प्युटर टीव्हीला जोडलात तर ५० हर्ट्झ मिळतंच. मॉनिटर नवा घ्यायचा असेल तर ५० किंवा १०० हर्ट्झ घेतो का, हे पाहूनच घ्या. आणि ४के वाल्यांनो, एचडीएमआय १.४ च्या जुन्या पोर्टमधून ४के फक्त ३० हर्ट्झपर्यंत जातं. २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवा. रिफर्बिश्ड पेटीत डिस्प्लेपोर्ट असतोच, त्याचाच उपयोग करा.

चौथी पायरी: ट्यूनर

ट्यूनर हा प्रोसेसरपेक्षा जास्त विचाराने घ्यावा, कारण तो वर्षानुवर्षं राहतो. साधे यूएसबी ट्यूनर डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२ मधले घरगुती प्रकार, म्हणजे क्यूपीएसके आणि ८पीएसके, घेतात. काही फीड मात्र १६एपीएसके, ३२एपीएसके, मल्टिस्ट्रीम (एकाच सिग्नलमध्ये अनेक प्रवाह), असे व्यावसायिक प्रकार वापरतात. टीबीएसचा ५९२७ हा यूएसबी ट्यूनर १६ आणि ३२एपीएसके घेतो. त्याच कंपनीचं ६९०३-एक्स हे पीसीआय एक्सप्रेस कार्ड एस२एक्सही घेतं. एस२एक्स हे डीव्हीबी-एस२ चं वाढवलेलं, २०१४ चं मानक, आणि फीडमध्ये ते भेटतं.

कार्ड घेतलं म्हणजे सिग्नल मिळालाच असं मात्र नाही. ३/४ एफईसीला क्यूपीएसके, सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे ४ डेसिबल वर असला की लॉक होतो, ८पीएसकेला जवळपास ८ लागतात, १६एपीएसकेला १० च्या वर आणि ३२एपीएसकेला १३ च्या जवळ. हे प्रयोगशाळेतले आदर्श आकडे. गच्चीवर एखादा डेसिबल वर धरा. तुमची छत्री ९ डेसिबल देत असेल तर ३२एपीएसकेचं कार्ड घेऊन काही होणार नाही. आधी छत्री मोठी करा.

यूएसबी २.० पुरतं का, हे सगळे विचारतात. पुरतं. ३०,००० सिम्बॉल रेटचा भरगच्च ८पीएसके ट्रान्सपॉन्डरही (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) ६७ मेगाबिटच्या आसपास देतो आणि यूएसबी २.० ची वाट ४८० मेगाबिटची आहे. ट्यूनर हबला न लावता थेट मागच्या पोर्टला लावा, एवढं पाळा.

लिनक्सवाल्यांसाठी: टीबीएसचे ड्रायव्हर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेरचे आहेत. कर्नल अपडेट झाला की ते पुन्हा बांधावे लागतात. सामन्याच्या दिवशी सकाळी अपडेट मारू नये.

बाकीचं सामान

रॅम ८ जीबी पुरते, १६ असली तर सुख. पण १६ ची एक पट्टी लावण्याऐवजी ८ च्या दोन लावा, म्हणजे मेमरीच्या दोन्ही वाटा चालू राहतात. रिफर्बिश्ड पेटी बहुधा एकाच पट्टीवर येते; दुसरी तिथेच उभं राहून बसवून घ्या.

डिस्क: विंडोज आणि प्रोग्राम एसएसडीवर, रेकॉर्डिंग साध्या हार्ड डिस्कवर. १६ मेगाबिटचा फीड तासाला सुमारे ७ जीबी खातो, ६० मेगाबिटचा २७. वेग कमी पडत नाही, जागा पडते.

यूपीएस घ्या. छोटा चालेल. वीज झटका मारून आली की यूएसबी ट्यूनर बऱ्याचदा हरवल्यासारखा वागतो आणि केबल काढून पुन्हा लावावी लागते.

दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जा

पेन ड्राइव्हवर एमपीव्हीची इन्स्टॉल न करता चालणारी प्रत टाका आणि तीन नमुने: एच.२६४ ४:२:२ १०८०आय, एचईव्हीसी ४:२:२ ४के, आणि खाली पट्टी सरकणारा कुठलाही इंटरलेस्ड तुकडा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. विकायचं असेल तर चालवू देतो.

फाइल चालू करून शिफ्ट आणि आय दाबा. चित्रावर आकडे येतात. गळलेल्या फ्रेमचा आकडा बघा. पहिल्या क्षणी एक-दोन गळल्या तर चालतं, पण आकडा वाढतच राहिला तर ते यंत्र तिथेच ठेवा. व्हीएलसी असेल तर कंट्रोल आणि जे दाबून येणाऱ्या खिडकीत आकडेवारीच्या पानावर हेच दिसतं.

शेजारी टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख असतो. एचईव्हीसीचा नमुना चालू असताना तो वर गेला आणि प्रोसेसर निवांत राहिला, तर हार्डवेअर काम करतंय. तो सपाट राहिला आणि प्रोसेसर चढला, तर सॉफ्टवेअर. मग प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोर वेगळा बघा. एकूण वापर ४० टक्के दिसतोय पण एकच कोर शंभरावर टेकलाय, असं असेल तर ते यंत्र काठावर आहे. जरा जड दृश्य आलं की पडणार. पावसाचे थेंब, टाळ्या वाजवणारी गर्दी, हवेत उडणारे कागद, अशी दृश्यं नमुन्यात असतील तर उत्तम.

हे सगळं किमान वीस मिनिटं चालू ठेवा. चहा मागवा.

अडकतंय कोण, यंत्र की सिग्नल?

घरी आल्यावर चित्र बिघडलं तर दोष कोणाचा हे चित्रावरूनच बरंचसं कळतं. यंत्र कमी पडत असेल तर चित्र स्वच्छ असतं पण गचके खातं आणि आवाज पुढे निघून जातो. सिग्नल तुटत असेल तर चौकोन पडतात, हिरवे-राखाडी पट्टे येतात, आवाज खाट्कन तुटतो. शंका उरली तर तोच तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा चालवा. दर वेळी त्याच जागी त्याच तऱ्हेने बिघडला तर दोष सिग्नलचा. वेगवेगळ्या जागी अडकला तर यंत्राचा.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर कंटिन्युइटी एररचा, म्हणजे क्रम तुटण्याचा, आकडा बघा. टीएसरीडर, डीव्हीबीव्ह्यूअर यांसारखे प्रोग्राम तो दाखवतात. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम १८८ बाइटच्या पाकिटांचा असतो आणि प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. ६ नंतर थेट ९ आला तर मधली पाकिटं वाटेतच गेली. हा आकडा वाढत असेल तर कॉम्प्युटर कितीही भारी आणा, चित्र सुधारणार नाही.

सिग्नल तुटण्याची दोन कारणं आपल्याकडे हमखास भेटतात. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जी ला गेला आणि सी-बँड या मोठ्या छत्र्यांच्या पट्ट्याचे जुने एलएनबी ३४०० पासून सगळंच आत घेतात. जवळ टॉवर उभा राहिला की एलएनबी गुदमरतो आणि ३७०० च्या वरचे चांगले ट्रान्सपॉन्डरही डळमळतात. उपाय म्हणजे ३७०० ते ४२०० पुरताच पट्टा घेणारा एलएनबी किंवा पुढे लावायचा फिल्टर. दुसरं कारण सूर्य. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, काही दिवस रोज काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. त्या मिनिटांत स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.

आणि आवाजाबद्दल: काही फीडमध्ये आवाजाच्या एखाद्या जोडीत साध्या पीसीएमच्या (न दाबलेल्या आवाजाच्या) जागी डॉल्बी ई हा स्टुडिओंसाठीचा दाबलेला आवाज भरलेला असतो. प्लेअरला तो ओळखता आला नाही तर स्पीकरमधून कानठळ्या बसवणारी खरखर येते, पूर्ण आवाजात. नवा फीड उघडताना आवाज आधी खाली करा, मग दुसरी ऑडिओ जोडी निवडून बघा. एखादीवर बहुधा मैदानावरचा साधा स्टिरिओ आवाज सापडतो. हेडफोन लावून स्कॅन तर अजिबात करू नका.